माळ्यावरचा माल

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघराचा माळा उतरवला की व्यापाऱ्याच्या घरात दोन तऱ्हांचा माल खाली येतो. पहिला तांब्यापितळेचा. घंगाळ, हंडे, परात, पाणी तापवायचा बंब आणि त्यांच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेले कोणाचे तरी नाव व साल. दुसरा पुठ्ठ्याच्या खोक्यांतला. विजेवरचा रोटीमेकर, सँडविच टोस्टर, रस काढण्याचे यंत्र, कॉफी घुसळण्याची काठी. बऱ्याच खोक्यांत हमीपत्रसुद्धा जसेच्या तसे सापडते, त्यावर ना दुकानाचा शिक्का, ना तारीख.

आमच्या माळ्यावर यंदा लसूण चिरडण्याचा चिमटा निघाला. ज्या घरात कंदमूळ शिजत नाही, त्या घरात! त्याच्या शेजारी अंडी उकडण्याचे छोटे यंत्रही होते. या दोन्ही वस्तू घरच्या कोणी विकत आणलेल्या नव्हत्या; त्या दुकानाच्या ‘स्कीम’मधून आलेल्या. अमुक इतक्या पेट्या उचलल्या की तमुक भेटवस्तू, हा व्यवहार मोंढ्यापासून सुभाष रोडपर्यंत कोणाला नवा नाही. घाऊक माल पाठवणाऱ्याला घेणाऱ्याच्या घरी काय शिजते, याची चौकशी करण्याचे कारण नसते. पण आलेली वस्तू परत पाठवण्याचे धैर्य आपल्यालाही होत नाही. फुकट आलेले टाकायचे कसे? अंड्याच्या यंत्रात मक्याची कणसे वाफवून बघू, असे म्हणून मी ते सात वर्षे सांभाळले. कणीस एकदाही वाफवले नाही.

आपल्या घरांत या वस्तू येण्याच्या वाटा मोजल्या तर बाजारातून हौसेने आणलेल्या थोड्याच निघतील. स्कीम ही एक वाट. दुसरी आहेराची. तिसरीचा उल्लेख करताना जीभ जरा अडखळते, पण करते: तपश्चर्येच्या पारण्याला, प्रवचनाच्या सांगतेला वाटली जाणारी प्रभावना. पूर्वी बत्तासा किंवा नारळ मिळे. तो खाऊन संपत असे. आता स्टीलच्या डब्या, वाट्या, प्लॅस्टिकचे बरण्यांचे संच, क्वचित भाजी कापण्याची दोरी ओढायची चकतीसुद्धा. देणाऱ्याचा भाव शुद्ध असतो, यात शंका नाही. पण एका चातुर्मासात एका घरात किती डब्या जमतात, हे ज्यांच्या हाती फडताळ आहे त्यांनी सांगावे.

गंमत अशी की पडून राहिलेला माल म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. मार्चअखेर दुकानाची मालमोजणी होते तेव्हा दोन वर्षे न हललेला ठोक पुरुष मंडळी बरोबर हुडकतात. त्यात अडकलेले भांडवल, त्याने व्यापलेली जागा, त्यावरचे व्याज सगळे त्यांना तोंडपाठ असते, आणि तोटा सोसून तो माल त्या हंगामात काढून टाकला जातो. तेच गृहस्थ घरी मात्र रोटीमेकरकडे बोट दाखवून म्हणतात, “राहू दे, पैसे मोजलेत त्याचे.”

यात नुसता विसंगतपणा आहे, असे मला वाटत नाही. पितळेच्या भांड्याला मोडीचा भाव होता. परातीला चीर गेली, हंडा गळू लागला, तरी तोलून त्याचे पैसे येत किंवा जुने देऊन वर थोडी भर घालून नवे घेता येई. जुन्या लुगड्या-धोतरांवर बोहारीण स्टीलचे पातेले देऊन जाई. घरातून वस्तू जाताना काहीतरी मागे ठेवून जात असे, त्यामुळे तिला निरोप देणे जड नव्हते. प्लॅस्टिक आणि मोटारीच्या या यंत्रांना मोड नाही. चार हजारांची वस्तू खोके उघडताच चारशेची होते आणि माळ्यावर दोन वर्षे राहिली की शून्याची. ती टाकून देणे म्हणजे तो तोटा वहीत लिहिणे. माळ्यावर आहे तोवर तो लिहावा लागत नाही.

सगळीच यंत्रे निरुपयोगी, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकला नाही. तेव्हा त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी दमदार मोटारीचा मिक्सर तयार केला आणि 1960च्या दशकात तो ‘सुमीत’ या नावाने बाजारात आला. पाट्यावरवंट्यापुढे बसणाऱ्या बायकांच्या कमरा त्याने वाचवल्या. आमच्याकडचा बाटीचा गॅस तंदूरही तसाच. दर रविवारी तो चुलीची राख आणि धूर वाचवतो. आधी अडचण असते, मग यंत्र येते. माळ्यावर जाणाऱ्या यंत्रांचे बहुधा उलटे असते. ती घरात आल्यावर आपण त्यांच्यासाठी अडचण शोधू लागतो.

आणि आपण ती शोधतो धर्मातसुद्धा. एअर फ्रायर घेताना मी काय म्हटले होते ते मला चांगले आठवते: “ओळीत आयंबिलाला उपयोगी पडेल, तेल लागत नाही.” आयंबिलाच्या रुक्ष आहारासाठी आपल्या आजीला साधा तवा पुरत होता, हे मला तेव्हा सुचले नाही.

आपल्या शास्त्रकारांनी मात्र भांड्याकुंड्यांना नजरेआड केलेले नाही. परिग्रहपरिमाण व्रताच्या अतिचारांत शेत, घर, सोने, धनधान्य यांच्या शेवटी ‘कुप्य’ येते. प्रतिक्रमणात आपण ‘कुविय’ म्हणतो तेच. त्याचा अर्थ घरातील भांडी व सामानसुमान. सोन्याची मर्यादा सगळ्यांना समजते, तिच्यावर प्रवचनेही होतात. कुविय हा शब्द आपण ओघात म्हणून पुढे जातो. अनर्थदंडविरमण व्रतात तर याहून नेमकी गोष्ट सांगितली आहे. उखळाला मुसळ, नांगराला फाळ अशी साधने गरजेवाचून जोडून सज्ज ठेवणे हा ‘संयुक्ताधिकरण’ नावाचा अतिचार. आणि उपभोगाच्या वस्तू गरजेहून अधिक बाळगणे हा त्याच्यापुढचाच.

उपासकदशांगातील आनंद श्रावक आपल्यासारखाच व्यापारी. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरवैभवात. भगवान महावीरांकडून व्रते घेताना त्याने हे सारे सोडले नाही, मर्यादा आखली: पाचशे नांगर, परगावच्या वाहतुकीला पाचशे गाड्या, गावातल्या कामाला पाचशे. येथवर एखाद्या धनिकाला शोभेल असा हिशेब झाला. पण तो तेथे थांबत नाही. अंग पुसायला कोणते वस्त्र, दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, तूप शरद ऋतूतले गायीचे, पिण्याला आकाशातून पडलेले पाणी, असे तो एकेक पदार्थ घेऊन सांगत जातो. कोट्यवधींचा धनी दातवणाच्या काडीपर्यंत खाली उतरतो, हा भाग मला नेहमी सर्वांत कठीण वाटत आला आहे.

यंदाच्या पर्युषणात माझ्या सासूबाईंनी साध्वीजींकडून कुवियाची मर्यादा घेतली. स्वयंपाकघरात विजेवर चालणाऱ्या वस्तू पाच. इतर भांड्यांचीही संख्या ठरली. घरी आल्यावर वाद सुरू झाला. मिक्सरची तीन भांडी नगावर मोजायची की संच म्हणून एक? सासरे म्हणाले, बिलात एकच ओळ असते, म्हणून एक. फ्रीज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, घरघंटी ही चार निर्विवाद ठरली. पाचव्या जागेसाठी मुलाने टोस्टरची बाजू लावून धरली, यजमानांनी पक्क्या पाण्याच्या किटलीची. जागा अखेर एअर फ्रायरला मिळाली. माझा युक्तिवाद सरस होता म्हणून नव्हे, मी तोंड पाडून बसले म्हणून, हे येथे कबूल केलेले बरे.

उरलेल्या वस्तू दिवाळीआधी घराबाहेर काढायच्या होत्या. रोटीमेकरचे अडले. तो नणंदेच्या लग्नात व्याह्यांकडून आलेला. उद्या विहीणबाई आल्या आणि त्यांनी विचारले तर? त्या येतात तेव्हा आम्ही तो दोनदा खाली काढून ओट्यावर मांडला होता. पोळ्या मात्र तव्यावरच केल्या, कारण त्यातल्या पोळीचा थोड्या वेळाने पापड होतो.

हेच दिवस आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे दुकानातून बाजरी-ज्वारी, तिखट-मीठ भरतात आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यांच्या परिसराकडे निघतात. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाईही दरवर्षी जाते. सासूबाईंनी तिच्यापुढे रोटीमेकर ठेवला. तिने झाकण उघडून पाहिले, बोट फिरवले आणि म्हणाली, “मोठ्या बाई, कोपीत लाईट न्हाई. अन् ह्याच्यावर भाकर कशी व्हईल?”

सासूबाईंनी टोस्टर पुढे केला, रसाचे यंत्र केले. ती हसली. मग भिंतीला टेकवलेल्या पितळी परातीकडे पाहून हळूच म्हणाली, “द्यायचंच आसंल तर ती परात द्या. भाकरी थापाया.”

ती परात आजेसासूबाईंची. काठावर त्यांचे नाव आहे. गावात पहिले दुकान टाकले तेव्हा त्या परातीत कणीक मळून गड्यांना जेवू घातले, ही गोष्ट मी या घरात आल्यापासून दर दिवाळीला ऐकते. वापरात ती नाही. गेली वीस वर्षे तरी नाही. नको असलेल्या अकरा वस्तू घेऊन बसलेल्या आम्ही दोघी, आणि समोरच्या बाईला हवी असलेली वस्तू बारावी होती. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सूनबाई, चिंच लावून घासून दे तिला.”

मी घासली. नाव जरा झिजले होते, ते स्वच्छ उठून आले.

रोटीमेकर, टोस्टर आणि बाकीचे भंगारवाल्याने नेले. 1 एप्रिल 2023पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशी लहान घरगुती उपकरणेही येतात, पण आमच्या गल्लीत अजून हातगाडीच येते. त्याने पत्रा वेगळा तोलला, तारेतले तांबे वेगळे, प्लॅस्टिक तसेच टाकले. सगळ्याचे मिळून दोनशे दहा रुपये झाले. लसणाचा चिमटा त्याने लोखंडात धरला.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीचा ट्रॅक्टर आमच्या दुकानासमोर पाण्याचे कॅन भरायला थांबला. ट्रॉलीत बोचकी, कोयते, एक शेळी आणि कडेला दोरीने पालथी बांधलेली परात. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. चष्मा घालून त्यांनी काठावरचे नाव वाचले आणि मला विचारले, “दोरी घट्ट आहे ना गं?”