घरी विमान बांधता येईल का?

गेल्या उन्हाळ्यात पिशोरला घरी गेलो असताना अकरावीतला एक मुलगा गाठ घेऊन बसला. कन्नडहून येणाऱ्या गाडीत त्याने मोबाइलवर कुठल्याशा माणसाने गॅरेजमध्ये विमान जोडल्याचे पाहिले होते. "सर, आपल्याकडं मोटारसायकलचं इंजन आहे, पत्रा कापायला दुकान आहे. मग अडचण काय?" प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून त्याला जे सांगितले तेच, थोडे सविस्तर, तुम्हांलाही सांगतो.

घरी विमान बांधता येते. बांधलेलेही आहे, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातल्या आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे, धातूचे विमान उभे केले. त्याआधीचे त्यांचे प्रयत्न उड्डाणापर्यंत पोचले नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान गच्चीवरून खाली उतरवून मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने चाचणीची उड्डाणे केली. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंतच चार वर्षे गेली, हे ध्यानात ठेवा.

यादवांचे विमान त्यांनी स्वतः आखलेले होते. परदेशात मात्र बहुतेक हौशी लोक 'किट' विकत घेतात. म्हणजे आराखडा तयार, पत्रे कापलेले, भोके पाडलेली. तुम्ही ते जुळवायचे. अमेरिकेतला नियम असा की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग त्या हौशी माणसाने स्वतः बांधलेला असला पाहिजे. अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीचे अॅल्युमिनियमचे पत्रे, त्यांना जोडणारे दहा-दहा हजार रिव्हेट आणि हजार-दोन हजार तासांची मेहनत, असा हा संसार असतो. रोज संध्याकाळी दोन तास दिले तरी दोन-तीन वर्षे सहज जातात. बऱ्याच जणांची किटे अर्धवट राहून धूळ खात पडतात, आणि त्यात नवल नाही.

या छंदाचा उगम मात्र जुना आहे. पॅरिसमध्ये राहणारे ब्राझीलचे सांतोस-द्युमाँ यांनी १९०७ ते १९०९ या काळात 'दम्वाझेल' नावाचे एक चिमुकले विमान बनवले. त्याचा सांगाडा बांबूचा होता! त्याचे हक्क राखून न ठेवता त्यांनी आराखडा सर्वांना खुला केला, आणि १९१० साली एका अमेरिकन मासिकाने तो छापलाही. आपल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी बांबूला काय तोटा, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा.

आता त्या मुलाच्या मोटारसायकलच्या इंजिनाकडे वळू. समजा, दोन माणसांसह आपल्या विमानाचे वजन ६०० किलोग्रॅम आहे. ते सेकंदाला अवघे २ मीटर वर चढवायचे, तर ६०० × ९.८ × २ म्हणजे सुमारे ११,८०० वॅट, म्हणजेच १६ अश्वशक्ती केवळ चढण्यात जाते. शिवाय हवेचा अडथळा आहेच. लहान विमानात तो वजनाच्या साधारण दहावा भाग धरा, म्हणजे ५८८ न्यूटन. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाताना त्यावर मात करायला आणखी २४ अश्वशक्ती लागते. बेरीज ४० झाली. इंजिनाची सगळी ताकद पंखा हवेला देत नाही, शंभरातले सत्तर देतो असे मानले तर इंजिन ५७ अश्वशक्तीचे हवे. गावातली मोटारसायकल आठ-दहा अश्वशक्तीची. गणित इथेच संपले.

इंजिन मिळाले तरी पंखांचा प्रश्न राहतो. पंख विमानाला जे वर उचलतात, ते उत्थापक बल हवेच्या घनतेवर, पंखांच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. पंख हवेशी जो कोन करतो तो वाढवला तर बलही वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा त्याला चिकटून राहत नाही, सुटते, आणि बल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणे आणि स्टॉल होणे यांचा काही संबंध नाही. वर्तमानपत्रांतून हा घोटाळा नेहमी होतो.

आपल्या विमानाचे पंख १० मीटर लांब व १.२ मीटर रुंद, म्हणजे १२ चौरस मीटर धरले, तर समुद्रकाठी ते ताशी ८३ किलोमीटरांहून हळू उडू शकत नाही. आता तेच विमान मे महिन्यात आमच्या भागात आणा. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, पारा ४० अंशांवर. इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. ही मर्यादा ताशी ९० वर जाते, इंजिनालाही हवा कमी मिळाल्याने त्याचा जोर घटतो, आणि उडण्यापूर्वी जमिनीवर धावण्याचे अंतर सहज एक तृतीयांशाने वाढते. डिसेंबरच्या सकाळी पुरलेले मैदान मेच्या दुपारी पुरेलच असे नाही.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वजनाच्या जागेची. लहानपणी आम्ही कापसाने भरलेल्या गाडीवर मागे लोंबकळत बसायचो. चार पोरे मागच्या टोकाला जमली की गाडी उलार व्हायची, जू वर उचलले जायचे आणि बैलांच्या गळ्यांना जोते आवळायचे. तात्या ओरडायचे, "पुढं सरका रे!" पोरांचे वजन ते काय, पण ते चाकापासून लांब होते. गुरुत्वमध्याचा धडा मी पुस्तकात वाचण्याआधी तिथे शिकलो.

विमानही असेच उलार होते. विमान तीन चाकांखाली तीन काटे ठेवून तोलतात; आडतीवर पोती तोलतात, त्यात आणि यात तत्त्वाचा फरक नाही. समजा, नाकाखालच्या चाकावर १०० किलो भार आला आणि ते चाक नाकाच्या टोकापासून ०.५ मीटरवर आहे. मागच्या दोन चाकांवर मिळून ५०० किलो आला, आणि ती २ मीटरवर आहेत. भार गुणिले अंतर यांची बेरीज १,०५०. तिला ६०० ने भागले की १.७५ मीटर. गुरुत्वमध्य तिथे आहे. आखणी करणाऱ्याने १.६५ ते १.८० मीटर ही हद्द ठरवून दिली असेल, तर सारे ठीक. आता कुणी २० किलोची एक पिशवी शेपटाकडच्या कप्प्यात, ३.८ मीटरवर ठेवली. बेरीज १,१२६ झाली, वजन ६२०. भागाकार १.८२ मीटर! वजन वाढले जेमतेम तीन टक्के, आणि विमान हद्दीबाहेर गेले.

त्याने काय होते? वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले की शेपटाचा आडवा पंख ते परत खाली आणतो. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी ही खेच कमी. फार मागे गेला तर नाक वर जातच राहते, पंख स्टॉल होतात, आणि मग दांडी कितीही पुढे ढकलली तरी नाक खाली येईल याची खात्री नसते. बैलगाडीवर "पुढं सरका" म्हणायला वेळ असतो.

एक चिठ्ठीचे कागदी विमान घ्या आणि नाकाशी कागद अडकवायचा चाप लावून उडवा. मग तोच चाप बोटभर मागे सरकवून पुन्हा उडवा. अशी पाच-सहा उड्डाणे करून प्रत्येक वेळी गेलेले अंतर वहीत लिहा. चाप मागे गेल्यावर विमान कसे मान वर करते, थबकते आणि धपकन पडते, ते नीट पाहा.

धोका केवळ आकाशात असतो असेही नाही. १.७ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेऊ लागला की त्याच्या टोकाचा वेग ताशी ७७० किलोमीटरांच्या घरात जातो. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात घरच्या घरी हेलिकॉप्टर बांधणारा एक तरुण कारागीर जमिनीवरच चाचणी घेत असताना फिरते पाते डोक्याला लागून दगावला. त्याच्या हातात कौशल्य होते, यात मला शंका नाही. त्याच्या शेजारी उभे राहून "आज नको, आधी हा भाग तपासू" म्हणणारे कुणी असायला हवे होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी, निरीक्षकांची तपासणी, कागदांचे गठ्ठे यांचा आपल्याला कंटाळा येतो आणि कधीकधी तो रास्तही असतो. तरी दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी आपले काम पाहणे हा त्यातला गाभा आहे, आणि तो टाळून उडू नये.

त्या मुलाला मी विमान बांधू नकोस असे म्हटले नाही. आधी दीड मीटर पंखांचे, माणूस न नेणारे ग्लायडर बांध म्हटले, आणि एक गणित घातले. ते तुम्हीही सोडवा. वरच्या उदाहरणात ती पिशवी शेपटातच ठेवायची आहे. मग नाकात, टोकापासून ०.२ मीटरवर, किती शिसे ठेवले म्हणजे गुरुत्वमध्य पुन्हा १.८० मीटरवर येईल? काही विमानांत असे शिसे खरोखरच ठेवलेले असते. उत्तर सव्वासहा किलो यायला हवे. पोराचे उत्तर पहिल्या वेळी चुकले, कारण शिशाचे वजन भाजकात मिळवायला तो विसरला होता.