बाहेरची स्मृती : आलेखी गणकयंत्र आणि हौशी हात



गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करावे, आणि त्याने विषय निवडावा तोही यंत्राचा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु जे डोक्यात मावत नाही ते बाहेर कोठे आणि कसे ठेवावे, हा प्रश्न पोथ्यांच्या अभ्यासकाला जन्मभर सोबत करीत असतो. आलेखी गणकयंत्राला बाहेरून साठवण जोडणाऱ्या हौशी मंडळींपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडविला, हे आज समजावून घेऊ.

आलेखी गणकयंत्र, म्हणजे ग्राफिंग कॅल्क्युलेटर, हे केवळ बेरीज-वजाबाकीचे यंत्र नव्हे. समीकरण दिले की ते त्याची वक्ररेषा पडद्यावर काढून दाखविते आणि वापरणाऱ्याने लिहिलेले प्रोग्रामही चालविते. १९८५ मध्ये आलेले कॅसिओचे एफएक्स-७०००जी हे या जातीचे पहिले यंत्र मानले जाते. प्रोग्रामसाठी त्यात अवघ्या ४२२ बाइटची जागा होती. १९९९ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीआय-८३ प्लस हे यंत्र आणले. त्यात कामाच्या स्मृतीपैकी सुमारे २४ किलोबाइट आणि संग्रहासाठी सुमारे १६० किलोबाइट जागा वापरणाऱ्याच्या वाट्याला आली. आज संगणकात देवनागरीच्या एका चिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने हे एकच व्याख्यान त्या २४ किलोबाइटांतील बहुतेक जागा अडवून बसेल.

या कामाच्या स्मृतीचा स्वभाव असा की, वीज तुटली की ती सारे विसरते. म्हणून या यंत्रात चार पेन्सिल सेलांखेरीज बटणाएवढा लिथियमचा एक सेल राखीव ठेवलेला असतो. मोठे सेल बदलताना स्मृती जागी ठेवण्याचे काम त्याचे. या सेलाचा धन ध्रुव मँगनीज डायऑक्साइडचा असतो, आणि अल्कलाइन जातीच्या पेन्सिल सेलांतही तेच द्रव्य असते. उकव्याच्या श्रोत्यांना मँगनीजची ओळख करून देण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्या भागातील बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्टीकडे जाते, हे आपण जाणताच. त्याच कुळातील द्रव्य यंत्राची स्मृतीही राखते, एवढेच नोंदवितो. मॉइलने भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे सेलांसाठी लागणाऱ्या शुद्ध मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही उभारला आहे.

सेल संपणे हा एक धोका झाला. दुसरा धोका माणसाकडून. परदेशांत ज्या परीक्षांना अशी यंत्रे चालतात, त्यांतील काहींच्या आधी यंत्राची स्मृती पुसून घेतली जाते. महिनोन्‌महिने खपून लिहिलेले प्रोग्राम एका कळीसरशी नाहीसे होतात. बाहेरच्या साठवणीची निकड येथे निर्माण झाली.

काही निर्मात्यांनी ही गरज आधीच ओळखली होती. ह्यूलेट-पॅकार्डच्या १९७४ च्या एचपी-६५ मध्ये प्रोग्राम लहानशा चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवता येत असे. १९७९ च्या एचपी-४१सी ला स्मृतीचे जादा तुकडे खोवण्यासाठी खाचा होत्या, तर २००३ च्या एचपी-४९जी प्लसमध्ये चक्क एसडी कार्डाची खाच आली. शाळांतून अधिक पसरलेल्या टेक्सासच्या यंत्रांना मात्र अशी खाच नव्हती. त्यांच्या बुडाशी होते एक लहानसे भोक, दोन यंत्रे तारेने जोडण्यासाठी ठेवलेले. हौशी मंडळींनी त्याच भोकातून वाट काढली.

त्या तारेत तीन पदर असतात. एक जमिनीचा, दोन निरोपाचे. निरोपाच्या तारा एरवी विजेच्या उंच पातळीवर असतात, आणि दोन्ही टोकांपैकी कोणीही त्या खाली ओढू शकतो. एका तारेला खाली ओढले तर शून्य, दुसरीला ओढले तर एक. ऐकणारा उरलेली तार खाली ओढून ‘पोचले’ असे सांगतो, मग दोघेही आपापली तार सोडतात. पोच मिळाल्यावाचून पुढचा अंक निघत नाही.

आता फिलिप्स कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी आखलेली ‘आय-स्क्वेअर-सी’ नावाची पद्धत पाहा. तिच्यातही दोनच तारा, त्याही एरवी उंच आणि कोणीही खाली ओढाव्या अशा. एका तारेवर ताल, दुसरीवर मजकूर. हे साम्य हौशी मंडळींच्या पथ्यावर पडले. या पद्धतीने बोलणारी २४सी२५६ नावाची आठ पायांची चिप नखाएवढी असते. तिच्यात ३२ किलोबाइट मावतात, आणि वीज नसतानाही ते वर्षानुवर्षे टिकतात. चिपेला वेगळी वीज द्यायची, जमिनीची तार दोघांत समाईक ठेवायची, आणि तारा योग्य तालात वरखाली करणारा प्रोग्राम यंत्रभाषेत लिहायचा, एवढी ही जुळणी.

खरे शिक्षण येथून सुरू होते. ही चिप ६४ बाइटांच्या पानांत लिहिते. पान भरले तरी लिहीत राहिल्यास ती पुढचे पान उघडीत नाही. त्याच पानाच्या आरंभाला जाऊन पूर्वीचा मजकूर पुसू लागते. एक पान लिहून झाल्यावर सुमारे पाच सहस्रांश सेकंद तिला विसावा द्यावा लागतो, त्या वेळात ती कोणाला उत्तर देत नाही. शिवाय बाहेर ठेवलेला प्रोग्राम तेथल्या तेथे चालत नाही. तो आधी यंत्राच्या कामाच्या स्मृतीत आणावा लागतो. म्हणजे काय कोठे ठेवले याची सूची हवी, आणि सूचीसाठीही जागा राखायला हवी.

एसडी कार्ड जोडायचे तर गुंतागुंत वाढते. त्याला निरोपाच्या चार तारा लागतात आणि ते ३.३ व्होल्टवर चालते, तर या यंत्राच्या तारा सुमारे पाच व्होल्टच्या. सरळ जोडले तर कार्ड बिघडण्याची भीती. म्हणून मध्ये आर्डुइनोसारखा एखादा छोटा नियंत्रक दुभाष्या म्हणून बसवितात आणि व्होल्टची पातळी उतरवून घेतात. २००४ च्या टीआय-८४ प्लसला यूएसबीचे तोंड मिळाले, तेव्हा हौशी प्रोग्रामकारांनी पेनड्राइव्ह वाचणारे प्रोग्रामही लिहिले.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पडताळणीची रीत. दोन यंत्रे मजकूर पाठवितात तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी त्यातील सर्व बाइटांची बेरीज जोडलेली असते. घेणारा स्वतः बेरीज करून पाहतो. ती जुळली नाही तर गठ्ठा पुन्हा मागवितो.

मराठी वाङ्मयाला हा अनुभव नवा नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या लीळा गावोगाव हिंडून, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून गोळा केल्या, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. हिराइसेचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. ग्रंथ वाचला, पण त्याचे अनेक पाठ झाले, आणि मूळ शब्द कोणता हे ठरविण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. एकाच जागी ठेवलेले हरवते, आणि पडताळ्यावाचून पुन्हा उतरविलेले बदलते. चिपेचा आणि पोथीचा धडा एकच आहे.

आपल्या शालेय परीक्षांत गणकयंत्राला सामान्यतः परवानगी नसते, त्यामुळे आलेखी यंत्र या शाळेतील फार थोड्यांनी हाताळले असेल. ते आणावेच असा माझा आग्रह नाही. तीच चिप आणि त्याच दोन तारा एखाद्या स्वस्त नियंत्रकाला जोडूनही हा प्रयोग होतो. आग्रह आहे तो वेगळा. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये त्या जुन्या यंत्राच्या लाखो पट जागा आहे, पण आपला मजकूर कोठे राहतो, त्याची दुसरी प्रत आहे की नाही, आणि ती मुळाबरहुकूम आहे की नाही, हे बहुतेकांना सांगता येत नाही. ज्या मुलाने ३२ किलोबाइटांची सूची स्वतः आखली आणि बेरीज चुकलेली पाहून गठ्ठा परत मागविला, त्याला हे प्रश्न विचारण्याची सवय जडते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करतो. या शाळेची जुनी हजेरीपुस्तके, हस्तलिखिते आणि छायाचित्रे आपणांपैकी अनेकांच्या घरी असतील. त्यांच्या प्रती करा, त्या एकाहून अधिक ठिकाणी ठेवा, मुळाशी ताडून पाहा, आणि त्यांची सूची आजच्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्या. ज्यांच्या नावे हे व्याख्यान आहे त्यांनी आयुष्यभर मुलांना उत्तराचा ताळा करून पाहायला शिकविले. त्यांच्या स्मृतीला साजेसे दुसरे काम मला सुचत नाही.