घरगुती कीबोर्डाचें भवितव्य

मुलास कीबोर्ड घेऊन द्यावा काय, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. आणि त्याच्या मागोमाग दुसरा येतो कीं, उद्यां हें वाद्य मागें पडलें तर पैसे वायां जाणार नाहींत काय? ही शंका अनाठायीं नाहीं.

विजेवर चालणारें स्वरवाद्य घरांत येण्याची ही पहिली वेळ नव्हे. अमेरिकेंत लॉरेन्स हॅमंड यांनीं १९३५ सालीं आपला विजेचा ऑर्गन विक्रीस काढला, आणि पुढें कांहीं दशकें मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत असे ऑर्गन ठेवण्याची चालच पडली. १९८० सालीं गणकयंत्रें बनविणाऱ्या जपानच्या कॅसिओ कंपनीनें ‘कॅसिओटोन २०१’ हा हलका व ऑर्गनाच्या मानानें स्वस्त कीबोर्ड आणला. लहानशा चिपमधून सूर निघूं लागले, आणि त्या भारदस्त ऑर्गनांचा धंदा थोड्याच वर्षांत बसला.

आज तोच न्याय कीबोर्डास लागू होऊं पाहत आहे. ज्या चिपनें त्यास जन्म दिला, तिच्याहून कितीतरी समर्थ चिप आतां मोबाईलमध्यें असते. केवळ गंमत हवी असणारा मोबाईलवरच सूर वाजवितो. मन लावून शिकूं इच्छिणारा ८८ पट्ट्यांच्या डिजिटल पियानोकडे वळतो. मधल्यामध्यें ६१ पट्ट्यांचा घरगुती कीबोर्ड चेपला जातो. शिवाय तो लवकर झिजत नाहीं. थोरल्या भावाचा धाकट्यास पुरतो. गिऱ्हाइकाच्या सोयीचा हा गुण कारखानदारास मात्र जड जातो. तथापि चित्र सर्वस्वीं काळें नाहीं. यामाहा कंपनीनें २०१९ सालीं चेन्नईजवळ कारखाना सुरू केला, आणि तबला, तानपुरा यांचे नाद असलेले कीबोर्ड आपल्याकडील गिऱ्हाइकांसाठीं काढले आहेत.

मग वाद्य तगतें कशावर? याचें उत्तर आपल्या पेटींत आहे. १८४२ सालीं पॅरिसच्या देबें यांनीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. युरोपांत विसाव्या शतकांत विजेच्या ऑर्गनानें तिची जागा घेतली. आपल्याकडे ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत सैल झाली नाहीं. तरी भजन, कीर्तन आणि रंगभूमी यांनीं पेटीस सोडलें नाहीं. वाजविणारे हात होते, म्हणून पेटी करणारेही राहिले.

कीबोर्डाचें खरें संकट येथेंच आहे. एक पट्टी दाबतांच ताल आणि स्वरमेळ आपोआप वाजूं लागतात. मुलास वाटतें, आपणच वाजविलें. चार दिवसांत हौस फिटते आणि वाद्य कपाटावर चढतें. अशा घरांच्या बळावर कोणताही धंदा फार दिवस चालणार नाहीं.

म्हणून आम्ही पालकांस सांगतों कीं, शिकविणारा असेल आणि मुलाची रोज अर्धा तास बसण्याची तयारी असेल, तरच कीबोर्ड घ्यावा. व आरंभीं ती आपोआप वाजणारी साथ बंद ठेवावी. मग, विद्यार्थिमित्रहो, कारखाना राहो वा न राहो, तुम्हांस चिंता नको. पेटी, पियानो आणि कीबोर्ड या तिहींच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचना एकच आहे. बोटांत उतरलेली विद्या एका वाद्यावरून दुसऱ्यावर सहज जाते. पैसे वायां जातात ते न वाजविलेल्या कीबोर्डावरच.