पडद्यावरचे खेळ : एक की अनेक?

विटीदांडू किंवा लगोरी खेळावयाची, तर अंगण लागते आणि सवंगडी लागतात. दिवस मावळला, की विटी दिसेनाशी होते. कोणाच्या तरी घरून हाक येते आणि खेळ आपोआप मोडतो. पडद्यावरच्या खेळाला, म्हणजेच व्हिडिओ गेमला, अशी सीमा नसते. एका मोबाइलमध्ये दहा खेळ सहज मावतात आणि अंधार पडला, तरी पडदा उजळलेलाच राहतो. म्हणून काय खेळावे व कोठे थांबावे, हे खेळणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते. आपण ते रोज ज्या रीतीने ठरवतो, तीच पुढे आपली सवय होते.

असे खेळ खेळणाऱ्यांत दोन प्रकार दिसतात. काही मुले एकच खेळ हाती घेतात आणि तो पुरा झाल्यावाचून दुसऱ्याकडे वळत नाहीत. काही मुले मात्र तीनचार खेळ एकदमच चालू ठेवतात. सकाळी मोटारींची शर्यत, दुपारी कोडी, संध्याकाळी मित्रांबरोबर लढाई, असा त्यांचा क्रम असतो. या दोन सवयींपैकी चांगली कोणती? याचे उत्तर देण्यापूर्वी खेळांचा स्वभाव पाहिला पाहिजे.

काही खेळांना शेवट असतो. जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने १९८५ साली काढलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात एकेक टप्पा ओलांडीत गेले, की अखेरीस राजकन्येची सुटका होते आणि खेळ पुरा होतो. काही खेळांत डाव संपतो, परंतु खेळ संपत नाही. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्को येथे रचलेला ‘टेट्रिस’ हा असा खेळ आहे. वरून पडणारे ठोकळे नीट रचून ओळी भरावयाच्या असतात. ठोकळ्यांचा ढीग माथ्यापर्यंत पोहोचला, की डाव आटोपतो. तिसऱ्या प्रकारचे खेळ मोबाइलवर पुष्कळ आढळतात. त्यांत रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटते. अशा खेळाला शेवट ठेवलेलाच नसतो. खेळणाऱ्याने उद्या पुन्हा यावे, या हेतूनेच त्याची रचना केलेली असते.

आता आपल्या मनाचा स्वभाव पाहू. १९२८ साली मारिया ओव्हसियांकिना या संशोधिकेने बर्लिन येथील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना एखादे काम करावयास देऊन तिने ते मध्येच थांबविले. पुढे संधी मिळताच, कोणी सांगितले नसतानाही, बहुतेकांनी ते अर्धवट काम पुन्हा हाती घेतले. अपुरे काम मनाला ओढीत राहते, ते असे. २००९ साली सोफी लरॉय या संशोधिकेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना पहिल्या कामाचा विचार काही काळ मनात रेंगाळतो आणि त्यामुळे दुसरे काम तितकेसे चांगले होत नाही. चार खेळ अर्धवट ठेवून गणिताचे पुस्तक उघडले, तर चार ठिकाणची ओढ घेऊनच मन पुस्तकापाशी येते.

मग अनेक खेळ खेळूच नयेत काय? याचे उत्तर वाशीम जिल्ह्यातील शेतात सापडते. रिसोड, मालेगाव, कारंजा या भागांत सोयाबीनच्या शेतात तुरीच्या ओळी दिसतात. यास आंतरपीक म्हणतात. दोन्ही पिके पावसाळ्याच्या आरंभी पेरली जातात, तरी ती एकमेकांच्या फारशी आड येत नाहीत. सोयाबीन सुमारे १०० दिवसांत काढणीला येते. तूर आरंभी सावकाश वाढते, आपली मुळे खोल नेते आणि सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या जागेत फोफावते. दोन्ही पिकांची गरज एकाच वेळी सारखीच असती, तर शेतकऱ्याला दोहोंचेही पीक नीट मिळाले नसते.

खेळांचेही असेच आहे. सुट्टीत सावकाश पुरा करावयाचा एक मोठा खेळ आणि पाच मिनिटांत आटोपणारे एक कोडे, ही जोडी नीट नांदते. परंतु रोज हजेरी मागणारे तीन खेळ एकदम धरले, तर ते एकाच वेळेसाठी भांडू लागतात. ती वेळ झोपेतून, अभ्यासातून किंवा मैदानातून कापली जाते. घरात एकच मोबाइल असला, तर ती इतरांच्या वाट्यातूनही जाते.

बुद्धिबळातील उस्ताद कधी कधी एकाच वेळी वीसतीस जणांशी डाव मांडतो. तो सारे डाव एकदम खेळतो, असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तो एका पटापाशी थांबतो, तेवढाच पट पाहतो, चाल करतो आणि मगच पुढे जातो. मागचा डाव पटावर जसाच्या तसा राहतो. तो डोक्यात वागविण्याची त्याला गरज नसते. तुम्हांलाही हे करता येईल. टप्पा किंवा डाव पुरा झाला, की तेथेच थांबावे. मध्येच उठावे लागले, तर आपण कोठवर आलो व पुढे काय करावयाचे, हे एका ओळीत लिहून ठेवावे. नवा खेळ घेण्यापूर्वी एक जुना काढून टाकावा.

मात्र काही खुणा दिसल्या, की सावध झाले पाहिजे. थांबावेसे वाटूनही थांबता न येणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ मोठा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, या त्या खुणा होत. त्या दीर्घकाळ टिकल्या आणि रोजचे जीवन विस्कटू लागले, तर तो एक विकार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली आहे. अशा वेळी लपवाछपवी न करता घरातील वडीलधाऱ्यांशी किंवा शिक्षकांशी बोलावे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ तर निराळेच. असे खेळ चालविण्यास मनाई करणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

एक आठवडाभर एका कागदावर रोज तीन गोष्टी लिहा : कोणता खेळ उघडला, किती वेळ खेळला आणि तो का उघडला. ‘खेळावेसे वाटले’ असे उत्तर येईल, तेथे खेळाचे धनी तुम्ही आहात. ‘हजेरी चुकली असती’ असे उत्तर वारंवार येऊ लागले, तर धनी दुसराच कोणी झाला आहे, असे समजावे. शेतात एक पीक असो वा दोन, काय पेरावे हे शेतकरी ठरवितो. आपल्या वेळेच्या शेतात हा अधिकार आपणच सांभाळला पाहिजे.