शंका शिक्षकाची, निदान तज्ज्ञाचे

दोडामार्ग तालुक्यातल्या एखाद्या शाळेत तिसरीतले मूल तोंडी उत्तरे चटचट देते, पण वाचताना सारखे अडखळते. अशा वेळी शिक्षकाने काय करायचे? पहिली पायरी म्हणजे नोंद. एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही पडताळणी सूची याचसाठी आहे. आधी वर्गशिक्षक ती भरतात, मग विशेष शिक्षक ती तपासतात. मात्र सूचीतली खूण म्हणजे निदान नव्हे.

पालकांशी बोलून आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक मोजतात आणि वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या घेतात. घरी मालवणी बोलणारे मूल पुस्तकी मराठीत अडले, तर तेवढ्यावरून अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अक्षमता) ठरत नाही. वयाच्या साधारण आठव्या वर्षाआधी तिचे निदान पक्के मानत नाहीत, कारण वाचन तोवर बसतच असते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. शासकीय वैद्यकीय यंत्रणेचे प्रमाणपत्र मिळाले, की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. पण वर्गातली मदत कागदासाठी थांबवू नये. शंका आली त्याच आठवड्यात ती सुरू करता येते.