ड्रायव्हर नको? विचार करा!

सकाळचे ९, रबाळे स्टेशन. ऑफिसला उशीर होतोय आणि रिक्षावाला "अजून एक सीट" म्हणून थांबलाय. बिनड्रायव्हरची टॅक्सी आली तर काय धमाल, नाही?

पण सांता मोनिकाकरांना विचारा! २०२५ मध्ये तिथे वेमोच्या रोबो-टॅक्सी चार्जिंग डेपोत रात्रभर ये-जा करायच्या. रिव्हर्सच्या 'पी-पी'ने शेजाऱ्यांची झोप उडाली. काहींनी वैतागून गाड्यांची वाटच अडवली. उद्या असा डेपो आपल्या बिल्डिंगखाली आला तर?

आणि नोकऱ्या? डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात नितीन गडकरींनी ठणकावलं होतं, अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, ७०-८० लाख ड्रायव्हरांचं काम जाईल.

त्यांच्यासारखंच आपल्या रिक्षावाल्याचंही पोट स्टिअरिंगवरच चालतं. सो बॉस, त्या एका सीटसाठी थांबूया की पाच मिनिटं!