मंडईतला पहिला गिअर

पुण्यात गाडीच्या इंजिनाची खरी परीक्षा कुठे होते, असं विचारलं तर बहुतेक जण कात्रजचा घाट सांगतील. मी मंडई सांगेन. शिवाजी रस्त्यावरून आत वळायचं, हातगाड्या, टेम्पो आणि तुळशीबागेकडे निघालेली गर्दी यांच्यातून वाट काढत पार्किंग गाठायचं, आणि तेवढ्या अंतरात क्लच, ब्रेक आणि पहिला गिअर यापलीकडे काही करायचं नाही. घाटात इंजिनाची ताकद कळते, मंडईत त्याचा स्वभाव कळतो. गेल्या पन्नासेक वर्षांत हा स्वभाव पार बदलला. त्याचं बरंचसं श्रेय इंजिनाच्या व्हॉल्व्हना आहे, आणि त्यांची दखल फारशी कुणी घेतलेली नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली मंडई आठवली की आधी निळसर धूर आठवतो. बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना, दोन्ही 1972 च्या आणि दोन्ही आपल्या पुण्याकडच्या. रिक्षाही बजाजचीच. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं, त्यांना कॅम आणि व्हॉल्व्ह नव्हतेच. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असत आणि पिस्टनच वरखाली होताना ती उघडायचा, झाकायचा. भोकाची जागा कारखान्यात ठरली की कायमची ठरली. त्यामुळे थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाई. शनिपारापासून मंडईपर्यंत नाकात बसणारा तो वास म्हणजे वाया गेलेलं इंधन होतं.

मोटारींची, म्हणजे फियाट, पद्मिनी आणि ॲम्बेसेडरची, गोष्ट वेगळी. त्यांना व्हॉल्व्ह होते, पण त्यांची वेळ कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांत घडवून टाकलेली. मिस्त्रीच्या हाती काय, तर फिलर गेजची पाती सरकवून टॅपेट सेट करणं. नाना पेठेतून कव्हरचं पॅकिंग आणायचं, टॅपेटचा टकटकाट बंद करायचा आणि गाडी परत द्यायची. व्हॉल्व्ह किती लवकर उघडेल आणि किती उशिरा मिटेल, यात त्याला फरक करता येत नसे.

अडचण नेमकी कुठे होती ते आकड्यांनी पटकन कळतं. मंडईत गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला 750 फेरे घेत असतं. पिस्टनला वरून खाली यायला, म्हणजे हवा आत ओढायला, 40 मिलिसेकंद मिळतात. तेच इंजिन एक्स्प्रेस-वेवर 6000 फेऱ्यांवर नेलं की 5 मिलिसेकंद. जोरात धावणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला चांगला, कारण वेगाने येणारी हवा पिस्टन वर निघाला तरी आत घुसतच राहते. संथ इंजिनात तीच सवलत घातक ठरते. आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो, ओढ कमी होते, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ जास्त असेल तर जळका वायू आत मिसळून आयडलिंग थरथरतं. म्हणून जुन्या इंजिनकाराला निवड करावी लागे. मंडईला खूश करायचं की घाटमाथ्याला? बहुतेक जण मधली वाट धरायचे, आणि ती वाट दोन्हीकडे थोडी कमीच पडायची.

वेळ बदलता येणारी यंत्रणा विकाऊ मोटारीत पहिल्यांदा आणली ती इटलीच्या अल्फा रोमिओने, 1980 मध्ये. जगाचं लक्ष मात्र गेलं 1989 मध्ये, होंडाच्या व्हीटेकमुळे. 1.6 लिटरच्या इंजिनातून 160 अश्वशक्ती, तीही टर्बो न लावता. तिथे वेगवान फेऱ्यांसाठी कॅमचा उंचवटाच निराळा होता आणि ऑइलच्या दाबाने एक पिन सरकली की तो कामाला लागे. भारतात होंडा सिटी 1998 च्या जानेवारीत आली, दोन-तीन वर्षांत तिची 106 अश्वशक्तीची व्हीटेक आवृत्ती आली, आणि ‘व्हीटेक’ हा शब्द पुण्यातल्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये आदराने उच्चारला जाऊ लागला. पुढची सिटी 2003 मध्ये आली. तिच्यात होंडाने ॲव्हरेजवाल्यांसाठी दोन-दोन स्पार्क प्लगचं आय-डीएसआय इंजिन दिलं आणि ताकदवाल्यांसाठी व्हीटेक ठेवलं. त्या काळात ग्राहकाच्या मनात व्हॉल्व्हची करामत म्हणजे पिकअप, पेट्रोलची बचत नव्हे. मला हा समज त्या यंत्रणेवर अन्याय करणारा वाटतो.

तो पुसला मध्यमवर्गाच्या गाडीने. 1 एप्रिल 2010 पासून मोजक्या शहरांत धुराचे बीएस-4 नियम लागू झाले, त्यांत पुणे आणि सोलापूर होती. पुढच्या वर्षी नवी मारुती स्विफ्ट व्हीव्हीटीसह, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेसह, आली. आधीच्या के-सीरिज स्विफ्टचं प्रमाणित ॲव्हरेज लिटरला 17.94 किलोमीटर होतं, नवीचं 18.6. ताकद 85 वरून 87. ॲव्हरेजमधली वाढ पावणेचार टक्के, आणि तीही सगळी व्हॉल्व्हच्या खात्यात टाकता येणार नाही, कारण अख्खी गाडीच नवी होती.

या यंत्रणेची रचना हातात घेऊन पाहावी अशी आहे. कॅमशाफ्टच्या टोकाला टायमिंग चेनचं दातेरी चाक असतं. पूर्वी ते शाफ्टला पक्कं आवळलेलं असे. आता चाकाच्या पोटात पाती असलेला छोटा रोटर बसतो, रोटर शाफ्टला जोडलेला आणि बाहेरचं कवच चेनला. पात्यांच्या एका अंगाला ऑइल सोडलं की शाफ्ट जरा पुढे, दुसऱ्या अंगाला सोडलं की मागे. क्रँकच्या हिशेबाने हा पल्ला साधारण 40 ते 60 अंशांचा. ऑइल कुणीकडे सोडायचं ते एक सोलेनॉइड सांभाळतो आणि त्याला हुकूम ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा. आर्यन किंवा मिनर्व्हा पार्किंगच्या चढावर (एके काळच्या चित्रपटगृहांची नावं वाहनतळांनी जपली आहेत) हाफ क्लचवर गाडी न गचकता वर जाते, तेव्हा हा रोटर इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटवून संथ फेऱ्यांतली ओढ राखत असतो.

पेट्रोल कसं वाचतं? पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवायचा तर थ्रॉटल मिटून हवा रोखावी लागते, आणि पिस्टनला नाक दाबून श्वास घेतल्यासारखे कष्ट पडतात. थोडा जळका वायू आतच राहू दिला किंवा इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवला, तर थ्रॉटल जास्त उघडा ठेवता येतो आणि ते कष्ट वाचतात. डिझेल इंजिनात अशी थ्रॉटलने हवा रोखायची नसते, म्हणून भाजी घेऊन येणाऱ्या डिझेल छोट्या हत्तीला व्हीव्हीटीची गरज कधी भासली नाही.

ही बचत कर्वे रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये नीट पदरात पडते, मंडईत अगदी थोडी. घरापासून दोन किलोमीटरवर भाजीला निघालेल्या गाडीचं ऑइल गरम झालेलं नसतं, यंत्रणा बराच वेळ आपल्या मूळ जागीच थांबलेली असते, आणि उभ्या गाडीत जळणारं पेट्रोल कुठलाच व्हॉल्व्ह परत देत नाही. जाहिरातीतला आकडा ज्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो ती 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर साधारण 20 मिनिटांच्या ठरावीक चक्रात चालते, ताशी 90 किलोमीटरपर्यंत. तो आकडा मंडईत निम्म्यावर आला तरी संस्थेला दोष देऊ नये. ती मोजणी गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला आहे.

2011 च्या स्विफ्टनंतरची घोडदौड वेगवान आहे. 2021 च्या स्विफ्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅम सरकू लागले आणि आकडा 23.2 वर गेला. 2024 मध्ये तीन सिलिंडरांवर 24.8. तोवर 2018 मध्ये यामाहाच्या आर15 ने 155 सीसीच्या मोटारसायकलीतही बदलता कॅम आणला होता. चेतक 2020 मध्ये विजेवर परतली, तिला व्हॉल्व्हच नाहीत. सप्टेंबर 2024 पासून मंडईखाली मेट्रो थांबते.

माझ्या मते या साऱ्या प्रवासातलं सर्वांत मोठं फळ 2022 मध्ये हाती आलं, होंडा सिटी आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये. जेम्स ॲटकिन्सनने इंग्लंडमध्ये 1880 च्या दशकात, म्हणजे आपल्या मंडईची इमारत उभी राहत होती त्याच काळात, दाब कमी आणि प्रसरण जास्त असं इंजिन दांड्यांची गुंतागुंत करून बनवलं होतं. आज तेच केवळ इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवून साधतं. त्यात संथ फेऱ्यांची ओढ कमी पडते, ती उणीव विजेची मोटर भरून काढते. ग्रँड विटाराचा प्रमाणित आकडा 27.97 आहे. आणि मंडईच्या गर्दीत ही गाडी बऱ्याचदा इंजिन बंद ठेवूनच पुढे सरकते.

ज्यांच्याकडे साधी व्हीव्हीटी गाडी आहे त्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. ही यंत्रणा ऑइलवर जगते. ऑइल काळं, घट्ट होऊ दिलं की सोलेनॉइडच्या तोंडची बारीक जाळी चोंदते, रोटर अडकतो, सकाळी सुरू करताना चेनजवळ खडखड ऐकू येते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मंडई-घर-शाळा एवढंच फिरणाऱ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून ऑइल बदलणं लांबणीवर पडतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर न बघता वर्षाला बदलावं, आणि कंपनीने पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच भरावं.